ब्लेअर, बुधवार आणि साताऱ्याचं स्थळ

मँचेस्टर, रविवार

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवते वेळेवर, हे आईला आधी वाचून दाखवा.

बाबा, "पुढाऱ्यांचे शब्द मोजून पीएचडी मिळते का?" हा टोमणा दादाकडून पोचला. मिळते! आणि हे ज्योतिष नाही. नेता काही आपल्यासमोर येऊन बसत नाही, म्हणून मार्गारेट हरमन या अमेरिकन विदुषींनी त्याच्या बोलण्यावरून स्वभावाचे सात पैलू मोजायची पद्धत बसवली. 'कदाचित', 'बहुधा' किती वेळा येतं आणि 'नक्कीच', 'कधीच नाही' किती वेळा, यावरून तो एखाद्या गोष्टीच्या किती बाजू बघतो याचा अंदाज येतो. भाषणं दुसरेच लिहून देतात ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून तर आयत्या वेळची उत्तरं घेतात.

ती इथल्या संसदेत मिळतात. दर बुधवारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न. पहिला खासदार उठून विचारतो, आज आपले कार्यक्रम काय? ते सांगतात, सकाळी सहकाऱ्यांशी बैठका झाल्या, पुढेही होतील. कुणालाच त्यात रस नसतो! छापील प्रश्न नावापुरता. खरा तो पुरवणी, म्हणजे त्याला जोडून विचारलेला प्रश्न, आणि तो आधी कळवावा लागत नाही. पुढचे खासदार कार्यक्रम विचारतही नाहीत, थेट पुरवणीवर येतात. टाळ्या वाजवायच्या नाहीत, 'हिअर, हिअर' ओरडायचं. पंतप्रधान घोटून येतात, पण वाक्यं बरीचशी त्यांची स्वतःची.

स्टीफन डायसन या अभ्यासकांनी इराक युद्धाच्या वेळचे इथले पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची अशीच उत्तरं तपासून 2006 मध्ये लिहिलं: घटना आपण वळवू शकतो हा विश्वास जास्त, सत्तेची ओढ जास्त, बाजू बघणं कमी. इराकच्या युद्धात उतरण्याचा त्यांचा निर्णय या स्वभावाशी जुळतो. बाजू कमी म्हणजे अक्कल कमी, असं मात्र नाही.

आई, यात राजकारण काही नाही. जुनी इतिवृत्तं कॉम्प्युटरला द्यायची, तो मोजतो. कुणी माझ्या वाटेला जाणार नाही.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी यायला हवं होतं. तिकीट महाग होतं, पण ते एकच कारण नव्हतं. दादाने एकट्याने सगळं केलं, त्याला माझ्या वाटणीचे पेढे द्या.

साताऱ्याच्या मुलाशी फोनवर बोलले. दर वाक्यात 'नक्कीच' म्हणतो. डिसेंबरपर्यंत थांबायला सांगा. नकार नाही, पण होकारही समजू नका.

या महिन्याचा कर्जाचा हप्ता दादाने भरावा, पुढच्या महिन्यात दोन्ही मी पाठवते. पावती व्हॉट्सअॅपवर टाकायला सांगा.

तुमची,
मनू