सूनबाईला आधी तू सांग

॥ श्री ॥

सांगली

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत गच्चीवर तू जे सांगितलंस, त्यावर तेव्हा मी फारसं बोललो नाही. खाली पाहुणे होते, आणि असल्या विषयावर मला लिहूनच नीट बोलता येतं. सहा लाखांचं पर्सनल लोन, ते शेअर बाजारात ऑप्शनच्या सौद्यांत बुडालं, आणि शेवटी, "बाबा, तिला मात्र कळू देऊ नका." पैशांचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ साली आकडे जाहीर केले होते. तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनच्या सौद्यांत, उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. तेव्हा तू काही जगावेगळा गाढव नाहीस. ते शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

मी बँकेच्या कर्ज विभागात बसायचो तेव्हा एक जोडपं गृहकर्जासाठी आलं होतं. दोघंही नोकरीवाले. नियमाप्रमाणे दोघांचे सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जांच्या नोंदी, काढले, तर नवऱ्याच्या नावावर दोन हप्ते चालू निघाले. पात्रता काढताना ते धरावेच लागतात, म्हणून मी विचारलं, "हे कसले?" बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पेन पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, आम्ही नंतर येतो." आलीच नाहीत. त्या हप्त्यांची रक्कम काही फार नव्हती. आपल्या घरातली गोष्ट टेबलापलीकडच्या परक्या माणसाला आपल्याआधी कळली, हे तिला झोंबलं. तुम्हीही पुढच्या वर्षी फ्लॅट बघणार आहात ना?

तू म्हणशील, घरोघरी असं चालतंच. चालतं, मीही पाहिलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा काउंटरवर बायकांची रीघ लागली होती. डाळीच्या डब्यात, उशीच्या खोळीत वर्षानुवर्षं साठवलेलं बाहेर आलं. कितीतरी जणी वाकून हळूच म्हणायच्या, "साहेब, आमच्या मालकांना कळू देऊ नका." वाक्य तुझंच. पण मागितले तर मिळतील याची खात्री नव्हती, म्हणून त्या अडीनडीला ठेवत होत्या. त्या साठवलेलं लपवत होत्या, तू घालवलेलं लपवतोयस. शिवाय सूनबाई काही तुझ्या हाताकडे बघून जगत नाही. हप्ता सुरू झाल्यापासून किराणा आणि भाडं तिच्याच पगारातून जातंय, असं तूच म्हणालास. म्हणजे कर्ज ती फेडतेच आहे, फक्त तिला ते ठाऊक नाही.

सांगायचं कसं? रविवारी सकाळी, दोघांची पोटं भरलेली असताना. गाडीत नको, ती माहेरी निघायच्या आदल्या दिवशी नको, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. आधी आकडा सांग, पूर्ण. चार लाखांपासून सुरुवात करून हळूहळू सहावर यायचं, हे गिऱ्हाइकं आमच्याशीही करायची. आकडा एकदा बदलला की मग कशावरच विश्वास बसत नाही. लोनचं स्टेटमेंट आणि ट्रेडिंगचं अ‍ॅप दोन्ही तिच्या हातात दे. "आपल्या फ्लॅटसाठीच केलं" हे तोंडातून काढू नकोस, खरं असलं तरी. ती चिडेल, रडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. त्या चार दिवसांत "मी सॉरी म्हटलं ना आता" म्हणून तिच्या मागे लागू नकोस. तिनं तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तरी न वैतागता उत्तर दे.

मग दोघं हिशोबाला बसा. एफडीवर तुला सात टक्के मिळतात आणि कर्जाला तू चौदा भरतोस. मुदतीआधी मोडल्याचा टक्काभर दंड धरला तरी ती मोडून कर्जात भरणंच परवडेल. (कर्ज लवकर फेडण्याचा चार्ज किती, ते आधी करारात बघ.) पण मोडायची की नाही हे तिच्याशी बोलून ठरव, आधी मोडून मग सांगू नकोस.

आता माझं एक मत, जे तुझ्या आईला पटत नाही. नवरा-बायकोनं पै-पैचा हिशोब एकमेकांना देऊ नये. दरमहा ठरावीक रक्कम ज्यानं-त्यानं स्वतःकडे ठेवावी आणि तिचं काय केलं हे दुसऱ्यानं विचारू नये. तिनं भावाच्या क्लासची फी भरली किंवा तू मित्रांना मिसळ खाऊ घातलीस, तर चौकशी कशाला? कर्ज, दुसऱ्याला राहिलेला जामीन आणि हातउसने दिलेले मोठे पैसे, एवढं मात्र होण्याआधीच दोघांना ठाऊक हवं. आई म्हणते, विचारपूस नसेल तर घराची लॉज होते. तुमचं तुम्ही ठरवा.

आणि तुझ्या पगाराच्या खात्याला नॉमिनी म्हणून अजून आईचंच नाव आहे. लग्नाआधी तो फॉर्म मीच भरून घेतला होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. म्हणजे आईला वाईट वाटेल ही सबबही उरली नाही. या आठवड्यातच सूनबाईचं नाव घाल.

पत्र घरच्याच पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर तुझं नाव आहे आणि ती दुसऱ्याचं पाकीट फोडणारी नाही. मी आपण होऊन तिला काही सांगणार नाही. पण संक्रांतीला तुम्ही येणार आहात, आणि तिनं मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. तोवर तुझ्याकडे वेळ आहे. फेडायला पैसे कमी पडले तर थोडे मी देऊ शकेन, पण ते तुम्ही दोघांनी मिळून मागायचे.

तुझे,
बाबा