रेडिएटरला आधी हात लावून पाहा

महोदय,

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी काय काय न्यावं, याची यादी आपल्या पुरवणीत वाचली. थर्मल, रजई, कुकर सगळं होतं. इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी मी त्यात एक वस्तू घालीन. रेडिएटरची, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आतून फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या लोखंडी पॅनेलची, हवा काढायची चौकोनी तोंडाची छोटी चावी. तिथल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ती अगदी स्वस्तात मिळते.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं मेंटेनन्सला होतो. यंदा थंडीत मुलाकडे लीड्सला आहे. घर भाड्याचं, जुनं, विटांचं. स्वयंपाकघरात घाम फुटायचा आणि वरच्या खोलीत नात दोन स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. घरमालकाच्या एजंटला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच, थर्मोस्टॅट वाढवा. वाढवला. स्वयंपाकघर आणखी तापलं, गॅसचं बिल वाढलं, नातीची खोली होती तशीच राहिली.

दोष कुठे आहे ते रेडिएटरच सांगतो, फक्त हात लावून पाहावं लागतं. नातीच्या खोलीतला खाली गरम, वर गार होता. म्हणजे वर हवा अडकलेली. हीटिंग बंद केलं, पाणी निवू दिलं, खाली फडकं धरलं आणि चावी पाव आटा उलटी फिरवली. बराच वेळ सूंऽऽ करून हवा सुटली. पाण्याची सलग धार लागताच चावी बंद केली. मग बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा पाहिला तर ०.७ बारवर उतरलेला. भरायच्या नळाने पाणी घेऊन, सिस्टिम गार असतानाच, तो १.२ वर आणला आणि नळ आठवणीने बंद केला. काटा वारंवार उतरत असेल तर मात्र नुसतं पाणी भरत बसू नये. कुठेतरी गळती असेल किंवा बॉयलरच्या एक्स्पान्शन टाकीत (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीत) बिघाड, आणि दर वेळी येणारं ताजं पाणी आतलं लोखंड गंजवतं.

तरीही मुलाची खोली कोमटच. ती बॉयलरपासून सगळ्यात लांब. आपल्याकडे पाटाच्या पाण्याचं होतं तेच इथेही होतं. हेडचा शेतकरी दारं उघडी टाकतो आणि टेलच्याचं रान कोरडं राहतं. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, त्याला लॉकशील्ड म्हणतात. जवळचे थोडे थोडे आवळले, लांबचा पूर्ण उघडा ठेवला. किती आटे फिरवले ते कागदावर लिहीत गेलो, आणि प्रत्येक बदलानंतर वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. अर्धा दिवस गेला, पण त्या रात्री मुलाने कितीतरी दिवसांनी जादा पांघरूण पायाशी सारलं.

एखादाच रेडिएटर पूर्ण गार असेल तर त्याची उष्णता कमी-जास्त करायच्या आकड्यांच्या बोंडाखालची पिन बहुधा उन्हाळ्यात अडकलेली असते. बोंड काढून ती हलकेच दाबावी. पकडीने ओढू नये, पाणी उडतं.

बैठकीतल्या रेडिएटरचा प्रकार वेगळा होता. वर गरम आणि खाली मधोमध गार. हवा काढताना त्यातून काळं पाणी आलं होतं. ते बशीत ठेवून खाली फ्रिजचं मॅग्नेट फिरवलं तर काळे कण त्याच्यामागे सरकत गेले. तो आतून सुटलेला लोखंडाचा गंज, खाली गाळ होऊन बसलेला. हे काम भाडेकरूचं नव्हे. इंग्लंडच्या १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे असते. पण ‘घर गार आहे’ एवढंच कळवलं की थर्मोस्टॅटचंच उत्तर येतं. मी गार भागाभोवती कागदी टेप चिकटवली, फोटो काढला आणि मुलाला मेलमध्ये कलमासकट टाकायला सांगितलं.

बॉयलरचं झाकण मात्र मी ३४ वर्षांच्या अनुभवानंतरही उघडलं नाही. ते ‘गॅस सेफ’ ही गॅसच्या कामाची तिथली अधिकृत नोंदणी असलेल्यानेच उघडायचं, आणि त्याचं कार्ड आधी मागून बघायचं. आत चूक झाली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरू शकतो, आणि त्याला वासही येत नाही.

चौथ्या दिवशी कारागीर आला. रेडिएटर सोडवून त्याने मागच्या अंगणात नेला आणि आत पाइप घातला. पहिली दहा मिनिटं दौतीतल्या शाईसारखं पाणी वाहत होतं.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन
चिंचवड (सध्या मुक्काम लीड्स)