हजार विडीचे तास कोण मोजणार?

संपादक महोदय,

किमान वेतनाचा विषय निघाला की कामगार म्हणतो रक्कम तुटपुंजी आहे आणि मालक म्हणतो परवडत नाही. सोलापुरातल्या विडी कामगार महिलांच्या बाबतीत मात्र रकमेच्या आधी मोजणीचा प्रश्न आहे. त्यांची मजुरी दिवसावर नाही, हजार विड्यांवर ठरते. हजार म्हणजे एक दिवस, असे सगळे धरून चालतात. तो दिवस किती तासांचा, हे कुणी विचारत नाही.

शहराच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात हा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. तेंदूची पाने भिजवायची, निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. कमी भिजली तर वळताना चिरतात, जास्त भिजली तर बुरशी धरतात. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने एकेक तुकडा कापायचा. त्यानंतर तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, तोंड मोडणे आणि 25-25 चे 40 कट्टे करणे. सरावलेला हात तासाला शंभरेक विड्या वळतो. म्हणजे नुसत्या वळण्याचेच दहा तास झाले. कापणीचे दोन तास वेगळे, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच बाईचे असतात. तिचे नाव कोणत्याही हजेरीत नसते. बारा तासांच्या कामाला आठ तासांचा दाम दिला, तर तासाची मजुरी किमान वेतनाच्या दोन तृतीयांशच उरते.

कापणीतही घट होते. कारखान्याकडून पाने वजनावर मिळतात. त्यात भोके पडलेली, डागाळलेली निघाली की हजार पुरे होत नाहीत. कमी पडलेली पाने बाई पदरच्या पैशाने आणते. वर कारखान्याच्या तपासणीत विड्या खराब म्हणून छाटल्या जातात. हजारातल्या पन्नास छाटल्या, तर त्यांची मेहनत गेली आणि पानेही गेली. छाटलेली विडी तिच्यासमोर मोडली जात नसेल, तर ती पुढे विकली गेली नाही हे तिने कशावरून मानायचे?

मालकांची अडचण खोटी नाही. जो कारखानदार नोंदवही ठेवतो, भविष्य निर्वाह निधी भरतो, त्याचा माल त्याच बाजारात विनानोंदीच्या विडीशेजारी विकला जातो. शिवाय प्रत्येक राज्याचा दर वेगळा, आणि कर्नाटकची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. पाने आणि तंबाखू टेम्पोत घालून पलीकडे नेणे अवघड नाही. म्हणून इथे दर वाढला की काम कमी होण्याची भीती खरी आहे: हजाराऐवजी पाचशेची पाने आणि आठवड्यातून तीनच दिवस. कागदावर दर वाढतो, बाईच्या हातात महिन्याला तेवढेच पैसे पडतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 6 नुसार, नगावर काम करणाऱ्यांचा दर असा ठरवायचा आहे की त्यांना वेळेच्या हिशेबाने ठरणारे किमान वेतन खात्रीने मिळावे. केंद्राने ठरवलेल्या तळवेतनाखाली कोणत्याही राज्याला दर ठेवता येणार नाही, अशीही तरतूद तिच्यात आहे. हे तळवेतन नावापुरते न ठेवता पोटापुरते ठरले, तर हद्दीपलीकडे माल नेण्यात फारसा फायदा उरणार नाही. त्याने कामगाराइतकेच प्रामाणिक कारखानदाराचेही भले होईल.

विडीचा पुढचा दर जाहीर करण्याआधी कामगार खात्याने मालक आणि संघटना दोघांच्या माणसांना सोबत घेऊन घरोघरी घड्याळ लावून काम मोजावे. पाने भिजवण्यापासून कट्टे जमा करण्यापर्यंतचा सगळा वेळ त्यात धरावा, कारखान्याच्या रांगेत उभे राहण्याचाही. मोजणी निवडक चांगल्या पानांवर नको. नेहमी मिळतात त्याच पानांवर व्हावी.

– एक वाचक, सोलापूर