राईस पुलरच्या नावाखाली होणाऱ्या लुबाडणुकीबाबत गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘राईस पुलर’ अथवा ‘कॉपर इरिडियम’ या नावाने अस्तित्वात नसलेला धातू दाखवून ग्रामीण भागात होणाऱ्या फसवणुकीला पायबंद घालण्याबाबत.

महोदय,

मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे मी मुलांना चुंबकत्व शिकवले. माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांनी एका तांब्याच्या भांड्यापायी तीन एकर बागायती जमीन विकली आणि त्यांनी हे आम्हाला सांगेपर्यंत चार महिने उलटून गेले होते. हे पत्र केवळ त्यांच्यासाठी असते, तर मी ते पोलीस ठाण्यातच दिले असते. परंतु दादांच्या निमित्ताने चौकशी केली तेव्हा आसपासच्या गावांतली आणखी चार घरे याच वाटेने बुडाल्याचे समजले आणि त्यांतल्या एकानेही तक्रार नोंदवलेली नव्हती. म्हणून हे आपल्यासमोर जाहीरपणे मांडत आहे.

या धंद्यातली माणसे त्या वस्तूला ‘आरपी’ म्हणतात, म्हणजे ‘राईस पुलर’, तांदूळ ओढणारी वस्तू. जुन्या तांब्याच्या गडूवर, कळशीवर किंवा ईस्ट इंडिया कंपनीचे नाव कोरलेल्या नाण्यावर वीज पडली की त्यातल्या तांब्याचे इरिडियम होते, अशा वस्तूकडे तांदळाचे दाणे आपोआप ओढले जातात आणि उपग्रहांसाठी अवकाश संशोधन संस्था तिला हजारो कोटी रुपये मोजतात, अशी ही कथा आहे. दादांच्या पडवीत रात्री कंदिलाच्या उजेडात ती त्यांना दाखवण्यात आली. पितळी ताटात मूठभर तांदूळ पसरले होते. गडू जवळ नेताच काही दाणे थरथरले, सरकले आणि त्याच्या बुडाला जाऊन चिकटले. दादांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर ज्याने आयुष्यभर शेती केली, त्याने विश्वास ठेवला.

त्या रात्री जमिनीवर सांडलेले सात-आठ दाणे वहिनींनी लक्ष्मी म्हणून कागदाच्या पुडीत जपून ठेवले होते. चार महिन्यांनी ती पुडी माझ्या हाती आली. त्यातले दोन दाणे मी बशीत पाण्यात भिजत घातले. सकाळी त्यांच्याभोवती गंजाचे तांबूस वलय उमटले होते. ब्लेडने दाणा उभा चिरला, तर आत केसाएवढी बारीक लोखंडी तार निघाली. उरलेल्या दाण्यांजवळ साधा लोहचुंबक नेला, तेव्हा तेही त्या रात्रीसारखेच सरकले. गडूच्या दुहेरी बुडात काय दडवले असेल, हे सातवीतला विद्यार्थीही सांगू शकेल. तांबे लोहचुंबकाला चिकटत नाही, इरिडियमही चिकटत नाही आणि तांदूळ तर कोणत्याच धातूकडे ओढला जात नाही.

इरिडियम हे खरे मूलद्रव्य आहे, हीच या फसवणुकीतली सर्वांत घातक गोष्ट, कारण शंका आलेला माणूस मोबाईलवर शोध घेतो आणि त्याला ते नाव सापडते. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 मध्ये प्लॅटिनमच्या खनिजातून ते वेगळे केले. त्याचा अणुक्रमांक 77 आहे, तांब्याचा 29. वीज कितीही मोठी पडली तरी ती तांब्याचे इरिडियम करू शकत नाही. तांबे सुमारे 1,085 अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियमला 2,446 अंश लागतात. पृथ्वीच्या कवचात हा धातू अत्यंत विरळ, उल्कांमध्ये मात्र त्याहून पुष्कळ अधिक. म्हणूनच 1980 मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इटलीतल्या गुबिओ येथील मातीच्या एका पातळ थरात तो वाजवीपेक्षा कितीतरी जास्त सापडल्यावरून, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मोठा लघुग्रह पृथ्वीवर आदळला असावा, असा निष्कर्ष मांडला. आपल्या पायाखालचा सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण त्याच काळातला आहे आणि कच्छमध्ये अंजार येथे याच दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळातही इरिडियमचे वाढीव प्रमाण आढळले आहे. विषयाला थोडे सोडून हे लिहिले, कारण हे सारे मी वर्गात शिकवू शकलो असतो आणि शिकवले नाही, याची टोचणी मला आहे.

आता मूळ तक्रारीकडे येतो. गडू दाखवण्याचे कोणी पैसे घेत नाही. पैसे लागतात ते ‘टेस्टिंग’ला. भांड्यातून किरणोत्सर्ग होतो, म्हणून शास्त्रज्ञ आणावे लागतील, त्यांना खास पोशाख लागेल, परदेशातून रसायन मागवावे लागेल, असे सांगून पहिली रक्कम घेतली जाते. दादांकडे दोन माणसे रुपेरी पोशाख आणि काचेचे शिरस्त्राण घालून आली होती, गळ्यात ओळखपत्रे होती, मुद्रांकावर करारनामा होता. मग हवेत दमटपणा आहे म्हणून चाचणी बिघडली, मग रसायनाची मुदत संपली, मग परदेशी ‘पार्टी’, म्हणजे खरेदीदार, विमानतळावर अडकली. प्रत्येक अडचण पुढच्या लाखाची मागणी घेऊन येत होती आणि आधी गेलेले लाख वाचवायचे तर हा एक द्यायलाच हवा, असे दादांना दर वेळी वाटत होते. मे 2018 मध्ये दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका पितापुत्राला अशाच प्रकरणात अटक केली, तेव्हा त्यांचे रुपेरी पोशाख देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते. एका व्यापाऱ्याकडून त्यांनी 1 कोटी 43 लाख रुपये उकळल्याचा आणि नासा हा धातू 37,500 कोटींना घेईल असे सांगितल्याचा आरोप होता. तो व्यापारी राजधानीत राहणारा होता. तेव्हा खेड्यातल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसण्यात अर्थ नाही.

महोदय, तक्रारी का होत नाहीत, याकडे आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. पैसे संपलेल्या माणसाला ही टोळी सांगते की, तू पैसे घालणारा दुसरा माणूस आण, त्याच्या रकमेतून तुझी परतफेड होईल. बुडालेला माणूस मेहुण्याला आणतो, व्याह्याला आणतो, भिशीतल्या मित्राला आणतो. ज्या क्षणी तो हे करतो, त्या क्षणी तो फिर्यादी राहत नाही, त्याला स्वतःलाच आरोपी होण्याची धास्ती बसते. शिवाय हा धातू जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, वाच्यता केलीस तर तूच आत जाशील, असे त्याच्या मनावर आधीच बिंबवलेले असते. दादा धीर करून एका पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा तेथे त्यांना विचारण्यात आले की, एवढ्या कोटींचा लोभ सुटला तेव्हा पोलिसांना विचारले होते का? ते तसेच परतले. लोभ सुटला होता, हे ते स्वतः मान्य करतात. पण लोभ हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा नाही. फसवणूक आहे, कलम 318 खाली, आणि तिच्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

त्याशिवाय आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावरच तो आधी अध्यादेशाच्या रूपाने आला. तथाकथित चमत्काराचा प्रयोग दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना ठकवणे हे त्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहे. परंतु येथे चमत्कार करणारा भगव्या किंवा हिरव्या कफनीत नसतो, तो प्रयोगशाळेच्या पोशाखात असतो, म्हणून हा कायदा त्याला लावायचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. तांदूळ ओढणारा गडू आणि हवेतून अंगारा काढणारा हात यांत मला काहीही फरक दिसत नाही. आपल्या विभागाने सर्व पोलीस ठाण्यांना परिपत्रक काढून हा कायदाही अशा प्रकरणांत तपासून लावावा, असे स्पष्ट करावे. दुसऱ्यांना या साखळीत ओढलेला, पण स्वतः होऊन पुढे आलेला माणूस जबाब द्यायला आला तर त्याला कसे वागवायचे, हेही त्यात सांगावे. त्याने पैसे कोणाला व कसे दिले, हे कळल्याखेरीज टोळीच्या म्होरक्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

आणखी एक मागणी आहे, तिला खर्च जवळजवळ नाही. जप्त केलेल्या भांड्यांची तपासणी कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत करून अहवालाचा सारांश साध्या मराठीत जाहीर करावा. केंद्रीय अणुऊर्जा आणि अवकाश विभागांकडून, आम्ही असा कोणताही धातू कोणाकडूनही विकत घेत नाही, असे लेखी घेऊन ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. दादांना कोणी तरी असा एक कागद दाखवला असता, तर पहिल्या ‘टेस्टिंग’च्या आधीच ते थांबले असते, असे ते मला म्हणाले. माझ्या सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. सरकारी शिक्क्यावर ठेवला असता.

तो गडू अजून त्यांच्या कोठीत धान्याच्या कणगीमागे फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे, कारण करारनाम्यानुसार तो ‘पार्टी’ येईपर्यंत उघडायचा नाही आणि दादांना अजूनही तो उघडायचा धीर होत नाही. आपण आदेश दिलात तर मी स्वतः त्यांना घेऊन येईन आणि तो गडू, करारनामा व पुडीतले उरलेले दाणे आपल्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक