जिन्यापाशी थांबून बघ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसलीस, "आई, ब्यूटला येऊन पाहिलंस काय, तर त्या लाचखोराचं घर!" अगं, तुझी परीक्षा चालू; अमेरिकेतल्या मॉन्टानातल्या या खाणींच्या गावात दुपारभर खोलीत बसून मी काय भिंती मोजणार होते? म्हणून तांब्याच्या खाणींचा मालक विल्यम क्लार्क याचं घर बघून आले.

लाचखोर होता, हे तिथेही लपवत नाहीत. तेव्हा अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातले सेनेटर राज्याचे आमदार निवडायचे. १८९९ साली क्लार्कने त्या आमदारांना पैसे चारून फिरवलं, चौकशी लागली आणि १९००मध्ये राजीनामा द्यावा लागला. पण निगरगट्ट असा, की १९०१ला पुन्हा निवडून आला आणि सहा वर्षं खुर्चीत बसला. त्याचा हाडवैरी मार्कस डेली, तोही तांब्याच्या खाणींचा मालक. हो, तुमच्या कॉलेजच्या दाराशी ज्याचा पुतळा आहे तोच.

पण मला सांगायचंय ते घराबद्दल. १८८४ ते १८८८ अशी चार वर्षं बांधकाम चाललं. ३४ खोल्या, रंगीत काचा, चितारलेली छतं, वर नाचाचा हॉल. इतका खर्च म्हणजे क्लार्कची अर्ध्या दिवसाची कमाई, असं सांगतात. मला ते फुगवलेलं वाटतं. श्रीमंतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी वाढतातच. मी खिळले ती जिन्यापाशी. लाकडात कोरलेल्या चौकटी, एकेका चौकटीत एकेका देशाची खूण. कठड्यावरून हात फिरवला तर कुठे कुसळ लागत नाही. कोरणाऱ्याचं नाव मात्र कुणी सांगितलं नाही. मालकाचं नाव तेवढं दहा वेळा ऐकलं.

याच क्लार्कने पुढे न्यूयॉर्कला फिफ्थ अॅव्हेन्यूवर १२१ खोल्यांचा महाल बांधला. तो पुरा झाला १९११मध्ये. क्लार्क गेला १९२५ला, आणि १९२७मध्ये तो महाल पाडूनसुद्धा टाकला. सोळा वर्षं! एवढ्या मोठ्या घरात राहायचं कुणी आणि पोसायचं कुणी?

ब्यूटचं घर टिकलं, कारण ते कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडत राहिलं. काही काळ तिथे नन्स राहत होत्या. मग एका कुटुंबाने ते घेतलं, जुन्या काळचं सामान हळूहळू गोळा करून मांडलं. आता पाहुण्यांना खोल्या देतात, घर दाखवायचे पैसे घेतात आणि त्यातून डागडुजी निघते. संसारी बाईला पटेल असा हिशोब आहे.

बाहेर पडले तर टेकडीवर खाणीत माणसं उतरवायचे ते उंच लोखंडी सांगाडे दिसले. गावातले लोक त्यांना फाशीचे खांब म्हणतात, असं तूच सांगितलं होतंस. १९१७च्या जूनमध्ये त्याच टेकडीखाली आग लागून १६८ माणसं गेली. छताची चित्रं बघून आल्यावर ते आठवलं आणि चालताना मी जरा हळू झाले. तू खाणकाम शिकतेस, खाली उतरशील तेव्हा हेल्मेट, दिवा, श्वासाचं यंत्र सगळं नीट तपासत जा. हसू नकोस.

परीक्षा संपली की एकदा जाऊन ये. त्या जिन्यात आपल्या देशाची चौकट आहे का, हे मी बघायचंच विसरले. बघ आणि कळव.

तुझी,
आई