मालकाच्या जागी तुझं नाव

नागपूर, मंगळवार

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्यावर ओरडलो. शेवटी मोठ्या आईनं हातातून फोन काढून घेतला. आज डोळ्याची पट्टी सुटली आणि आधी आपल्या साप्ताहिकाचा तू काढलेला अंक वाचला. रेतीचोरीची बातमी चोख आहे. ट्रकचे नंबर, वेळा, सगळं. पण रात्री दीड वाजता एकटी पैनगंगेच्या घाटावर कशाला गेलीस?

असो. ट्रेडल, आपलं ते पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र, भंगारात देते म्हणतेस, दे. खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, एक केस तेवढी ठेव. निवडणूक आली की 'म' कमी पडायचे. मत, मतदार, मतदान! मग एक पान छापून व्हायचं, ते मोडायचं, खिळे रॉकेलनं धुवायचे आणि दुसऱ्या पानाला लावायचे. खाली सांडलेले खिळे तुझी आजी कंदिलाच्या उजेडात वेचायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणता खिळा कोणत्या घरातला, हे कधी चुकलं नाही.

यवतमाळला बापूजी अण्यांनी सुरू केलेलं 'लोकमत' साप्ताहिकच होतं. १९७१ मध्ये ते नागपुरातून दैनिक झालं, तेव्हा आपलं साप्ताहिकही दैनिक होईल असं आजोबांना वाटलं. झालं नाही. जिनिंगवाल्यांच्या जाहिराती आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा, यावर आठ दिवसांचा अंक निघायचा. कागदवाल्याची त्यांची उधारी मी फेडली. तू उधारीवर कागद घेऊ नकोस. बघ, लागलो शिकवायला. माफ कर.

डिक्लरेशन, म्हणजे साप्ताहिकाची नोंदणी, तुझ्या नावावर करायला माझी ना नाही. वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा १८६७चा कायदा जाऊन नवा आला, अर्ज ऑनलाइन करायचा, हे तूच समजावलंस. पण ताई, शेवटच्या पानाच्या तळाशी 'मालक, मुद्रक, प्रकाशक' म्हणून नाव येतं, तिथंच आपल्या घराचा पत्ताही येतो.

तू आईच्या कडेवर होतीस तेव्हाची गोष्ट. गावठी दारूची बातमी छापली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं जण दारात आले. काही बोलले नाहीत. अंक उघडून तो पत्ता मोठ्यानं वाचला आणि गेले. बातमीचा दुसरा भाग जुळवून तयार होता. मी तो मोडायला लावला. हे आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तू मोडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच झोप येत नाही.

घाटावर जायचंच असेल तर उजेडी जा, मामाला सोबत ने. आणि गाडीचा मागचा लाइट आजच बसवून घे.

तुझा,
बाबा