विषय : तुमच्या तापमान दाखवणाऱ्या ॲपमधल्या ग्राफचा उभा अक्ष (चौथी तक्रार)

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. डोकं तापलंय, तरी जपून लिहितोय.

चिंचोळी एमआयडीसीत माझं कोल्ड स्टोरेज आहे, आत सांगोल्याचा भगवा. डाळिंब 5 अंशाच्या खाली राहिलं की साल तपकिरी पडते, फार वर गेलं की सड धरते. मला बघायचीय ती 4 ते 10 एवढीच पट्टी. तुमचं ॲप काय दाखवतं? सेन्सरची वायर ढिली झाली की −127, लाईट जाऊन आली की 85. हे खोलीचं तापमान नव्हेच; हे आकडे कुठून येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सेन्सर −55 ते 125 मोजतो असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय, मग −127 ला ग्राफवर पाट मांडून बसवता कशाला? त्या दोन खोट्या ठिपक्यांपायी उभा अक्ष 212 अंशांचा होतो. मोबाईलला फूटपट्टी लावली : तीन अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. गुरुवारी रात्रीत खोली 6 वरून 9 वर गेली आणि रेघ आपली सरळ, गाढ झोपलेली. अलार्मही त्या −127 ला इतका बोंबलायचा की आम्हीच बंद केला होता. पहाटे दार उघडलं तेव्हा कळलं.

वायर नीट असली की उलटंच. 5.8 ते 6.1 च्या हेलकाव्याने अख्खा स्क्रीन भरतो आणि वॉचमन रात्री दोनला फोन करतो, "मालक, लई चढलंय ओ!"

आजचं संभाषण ऐकाच. मी विचारलं, उभ्या अक्षाची किमान-कमाल मर्यादा कुठे बदलायची?

"सर, मोबाईल आडवा धरा."

धरला. ग्राफ रुंद झाला, उंची आणखी घटली. तसं सांगितलं.

"मग दोन बोटांनी ताणा."

ताणला. वेळ ताणली गेली, अंश जागच्या जागी. तेही सांगितलं. पलीकडे कुणाशी तरी कुजबुज, मग :

"काका, ग्राफ वाचायची सवय नसली की असं वाटतं."

दोन मिनिटांत सरचा काका झालो. अहो, दहावीच्या पोरालाही कोपऱ्यात प्रमाण लिहिल्याशिवाय पूर्ण मार्क मिळत नाहीत! वर लगेच मेसेज : आमच्या सेवेला 1 ते 5 गुण द्या. म्हणजे तिथे बरोबर पट्टी ठरवता येते तुम्हाला.

मला दोन चौकटी हव्यात, किमान आणि कमाल. त्यात भरलेले आकडे दुसऱ्या दिवशीही तेच राहावेत. नाहीतर काल-आजचा ग्राफ शेजारी ठेवून काय बघायचं? पुन्हा सांगतो, दोन चौकटी.

पुढच्या महिन्यात वर्षाचे पैसे भरायचेत. भरणार नाही. माझ्या शब्दावर शेजारच्या तिघांनी तुमचं यंत्र घेतलं, त्यांच्यासमोर मान खाली गेली ती वेगळीच.

सोबत गुरुवारच्या रात्रीचा ग्राफ जोडलाय, मुलीच्या वहीतल्या ग्राफ पेपरवर काढलेला. उभा अक्ष 0 ते 12. वीस मिनिटं लागली.

एक कोल्ड स्टोरेजवाला, सोलापूर